शत्रूच्या घरात बसून लिहिलेला इतिहास
फ्लेवियस योसेफस : जीवन आणि लेखन

वाचकहो, प्रेषितांची कृत्ये वाचताना फेलिक्स, फेस्त, अग्रिप्पा राजा अशी माणसे आपल्यासमोर क्षणभर येतात आणि निघून जातात. पौलाचे प्रत्युत्तर ऐकून ती सभागृहातून उठतात आणि पुढे त्यांचे काय झाले हे लूक सांगत नाही. शुभवर्तमानांतील पिलाताचेही तसेच आहे. हेरोद राजाचे घराणे कसे उदयास आले, यहूदीयाचे सुभेदार लोकांशी कसे वागत, ज्या मंदिराचा चिऱ्यावर चिरा राहणार नाही असे प्रभूने सांगितले ते मंदिर प्रत्यक्षात कसे जळाले, याची माहिती आपल्याला उपदेशपीठावरून मिळते तेव्हा ती बहुधा एकाच मनुष्याच्या ग्रंथांतून आलेली असते. विल्यम व्हिस्टन याने १७३७ साली केलेल्या त्याच्या ग्रंथांच्या इंग्रजी भाषांतराचा जाड खंड तुम्ही एखाद्या जुन्या पाळकसाहेबांच्या कपाटात कदाचित पाहिलाही असेल. त्या मनुष्याचे नाव फ्लेवियस योसेफस.

त्याच्या स्वकीयांनी त्याला फितूर म्हटले. आपण ख्रिस्ती लोकांनी त्याचे ग्रंथ जिवापाड जपले, पण जपताना त्यांचा उपयोग सदैव प्रामाणिकपणे केला असे म्हणवत नाही. इस्राएलाच्या भूमीविषयी, तिच्या राजकारणाविषयी आणि तेथील रक्तपाताविषयी आजही पुस्तकांमागून पुस्तके निघत आहेत. ती हाती घेण्यापूर्वी या प्रकारच्या लेखनाच्या एका आद्य पुरुषाचे चरित्र पाहणे उपयोगी पडेल. कारण लिहिणारा कोठे बसून लिहितो हा प्रश्न त्याच्याइतका क्वचितच कोणाला लागू पडतो.

योसेफसाचा जन्म इ. स. ३७ मध्ये यरुशलेमात झाला. म्हणजे प्रभू येशूच्या वधस्तंभावरील मरणाला तेव्हा फार वर्षे झालेली नव्हती आणि पहिली मंडळी त्याच नगरात एकत्र जमत होती. त्याचे मूळ नाव योसेफ बेन मत्तिथ्या. याजकांच्या चोवीस वर्गांपैकी पहिल्या वर्गातले त्याचे घराणे. शिवाय मक्काबी राजवंशाशीही रक्ताचे नाते असल्याचे तो सांगतो. आपल्या बुद्धीविषयी त्याला संकोच नव्हता. चौदाव्या वर्षीच नगरातील प्रमुख याजक नियमशास्त्राच्या बारकाव्यांविषयी आपले मत विचारीत असत, असे त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. हे वाचताना मंदिरात गुरुजनांमध्ये बसलेल्या बारा वर्षांच्या दुसऱ्या एका मुलाची आठवण आपल्याला होते. मात्र त्या मुलाने स्वतःविषयी काही लिहून ठेवले नाही.

सोळाव्या वर्षी त्याने परूशी, सदूकी व एसेनी या तिन्ही पंथांचा अनुभव घेण्याचे ठरविले. त्यानेही समाधान होईना, तेव्हा तो रानात बान्नूस नावाच्या एका विरक्त पुरुषाजवळ जाऊन तीन वर्षे राहिला. हा बान्नूस झाडांपासून मिळेल ते वस्त्र नेसे, आपोआप उगवेल ते खाई आणि शुद्धतेसाठी रात्रंदिवस थंड पाण्याने स्नान करी. बाप्तिस्मा करणारा योहान कोणत्या वातावरणात वाढला असेल याची कल्पना या वर्णनावरून येते. एकोणिसाव्या वर्षी योसेफस नगरात परतला व परूशांच्या रीतीने सार्वजनिक जीवनात वागू लागला.

सव्वीस वर्षांचा झाल्यावर त्याने रोमचा प्रवास केला. फेलिक्स सुभेदाराने काही याजकांना क्षुल्लक कारणासाठी बेड्या घालून कैसराकडे पाठविले होते. त्यांची सुटका करावी हा हेतू. आद्रिया समुद्रात तारू बुडाले. तारवावर सुमारे ६०० माणसे होती. रात्रभर पोहत राहिलेल्यांपैकी सुमारे ८० जणांना कुरेने येथील एका तारवाने पहाटे उचलून घेतले. पौलाचे तारू याच समुद्रात याच्या थोडीच वर्षे आधी फुटले होते आणि त्यावरील सर्व २७६ जण वाचले होते, हे आपण जाणतोच. रोमेत एका यहूदी नटाच्या ओळखीने योसेफस नीरोची राणी पोपिया हिच्यापर्यंत पोहोचला आणि याजकांना सोडवून, वर देणग्या घेऊन परतला. रोमचे सामर्थ्य त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिले होते. हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या साऱ्या गोष्टीचे मूळ येथे आहे.

तो परतला तेव्हा देश पेटण्याच्या बेतात होता. करांचे ओझे, लाचखाऊ सुभेदार, कैसरियात यहूदी व ग्रीक यांच्यातील भांडणे, खेड्यापाड्यांतील दारिद्र्य आणि याजकवर्गाची श्रीमंती अशी अनेक कारणे साठत आली होती. इ. स. ६६ मध्ये गेस्सियस फ्लोरस या सुभेदाराने मंदिराच्या भांडारातून १७ तलांत द्रव्य उचलले आणि ठिणगी पडली. सिरियाचा सुभेदार सेस्तियस गॅलस बंड मोडण्यास आला, तो यरुशलेमच्या वेशीवरून मागे फिरला आणि परतताना बेथ-होरोनच्या खिंडीत त्याच्या सैन्याची धूळधाण उडाली. यहोशवाच्या काळी अमोरी राजांचा मोड झाला तीच ही वाट. लोकांना वाटले, देव पुन्हा आपल्या बाजूने लढत आहे. आता माघार शक्य नव्हती.

यरुशलेममधील पुढाऱ्यांनी योसेफसाला गालीलात पाठविले. कशासाठी, याची त्याने स्वतःच दोन उत्तरे दिली आहेत. पहिल्या ग्रंथात तो म्हणतो की आपण सेनापती म्हणून गेलो. वीस वर्षांनंतर लिहिलेल्या आत्मचरित्रात मात्र तो म्हणतो की बंडखोरांकडून शस्त्रे खाली ठेववावी म्हणून आपल्याला पाठविले होते. दोन्ही एकाच वेळी पूर्ण खरी असू शकत नाहीत. रोमच्या बळाची कल्पना असलेला, युद्ध नको असलेला, पण नको म्हणण्याचे धैर्य नसलेला एक तिशीच्या आतला याजक युद्धाच्या तोंडावर उभा केला गेला, असे मला वाटते. गालीलात गिस्कालाचा योहान नावाचा त्याचा प्रतिस्पर्धी होता. शत्रू येण्यापूर्वीच हे दोघे एकमेकांना मारावयास टपले होते.

शत्रू आला तो इ. स. ६७ च्या वसंतात. नीरोने व्हेस्पासियन या मुरलेल्या सेनापतीला पाठविले, त्याच्याबरोबर त्याचा पुत्र टायटस. योसेफस योतापाता या डोंगरावरील गावात शिरला आणि रोमी सैन्याने गावाला वेढा दिला.

या वेढ्याचे त्याने केलेले वर्णन वाचण्यासारखे आहे. तट फोडणारा लोखंडी तोंडाचा ओंडका आदळू लागला तेव्हा भुशाने भरलेली पोती दोरीने खाली सोडून त्याचे घाव बोथट केले गेले. पाणी संपत आले, तेव्हा ओली वस्त्रे तटावर पसरून त्यांतून पाणी निथळू दिले, म्हणजे आत पाण्याची चंगळ आहे असे शत्रूला वाटावे. चढून येणाऱ्या शिपायांवर उकळते तेल ओतले, आणि त्यांच्या फळ्यांवर मेथी शिजवून तिचा बुळबुळीत लगदा टाकला, म्हणजे पाय घसरावेत. आपल्या स्वयंपाकघरातली ही वस्तू रोमी पलटणीविरुद्ध कामास येईल असे कोणाच्या मनात येणार! याच वर्णनात तो हेही कबूल करतो की गाव टिकणार नाही हे ओळखून त्याने पळून जाण्याचा विचार केला होता आणि गावकऱ्यांनी पाय धरल्यामुळे तो राहिला. सत्तेचाळिसाव्या दिवशी पहाटेच्या धुक्यात, पहारेकरी थकून झोपले असता, रोमी शिपाई आत घुसले. त्याच्या हिशेबाप्रमाणे ४०,००० माणसे मारली गेली व १,२०० कैद झाली. त्या लहान डोंगरमाथ्यावर इतकी माणसे मावणेच शक्य नव्हते असे आजचे अभ्यासक म्हणतात; पण कत्तल झाली यात शंका नाही.

सेनापती मेलेल्यांत नव्हता. तो एका हौदातून आतील गुहेत उतरला होता. तेथे गावातली ४० प्रतिष्ठित माणसे आधीच लपली होती. दोन दिवसांनी पत्ता लागला. व्हेस्पासियनाने शरण येण्याचे बोलावणे पाठविले, अभयवचन दिले, शेवटी योसेफसाच्या ओळखीचा निकानोर नावाचा सरदार धाडला. योसेफस जावयास तयार झाला. आपल्याला रात्री पडलेली स्वप्ने आठवली, देवाने राज्यसत्ता रोमकडे दिली आहे याची खात्री पटली, आणि आपण मनोमन प्रार्थना केली की मी फितूर म्हणून जात नसून तुझा सेवक म्हणून जात आहे, असे तो सांगतो. गुहेतल्या सोबत्यांना ही प्रार्थना ऐकू आली नव्हती. त्यांनी तलवारी उपसल्या. मग त्याने आत्महत्येच्या पातकावर त्यांना लांबलचक उपदेश केला. तो निष्फळ ठरल्यावर एक तोड सुचविली. चिठ्ठ्या टाकाव्या, पहिल्याला दुसऱ्याने मारावे, दुसऱ्याला तिसऱ्याने, म्हणजे कोणालाही स्वतःच्या हाताने मरावे लागणार नाही. सर्वांनी ते मानले. एकामागून एक माणसे पडली. शेवटी दोघे उरले, त्यांपैकी एक योसेफस. दैवाने म्हणा वा देवाच्या योजनेने म्हणा, असे तो लिहितो. उरलेल्या सोबत्याला त्याने समजावले आणि दोघेही जिवंत बाहेर आले.

त्याच्या ग्रंथाच्या एका जुन्या स्लाव्ह भाषेतील प्रतीत असे आहे की त्याने मोजणीत चलाखी करून सर्वांना फसविले. ते वाक्य त्याचे नसावे, नकलकाराने आपल्या मनातला संशय लिहून टाकला असावा. हा संशय पुढे इतका रूढ झाला की वर्तुळात बसलेल्यांपैकी ठराविक क्रमांकाचा प्रत्येक जण बाद होत गेल्यास शेवटी कोण उरेल, या गणितातील कूटप्रश्नाला त्याचेच नाव मिळाले. आपल्या मुलांना संगणकाच्या अभ्यासक्रमात हे गणित भेटते, तेव्हा त्यामागे चाळीस प्रेते आहेत हे त्यांना कोणी सांगत नाही.

यरुशलेमात प्रथम बातमी आली की योसेफस पडला. नगराने तीस दिवस शोक केला. मग कळले की तो जिवंत असून रोमी छावणीत त्याला बरे वागविले जात आहे. तेव्हा त्याच नगराने त्याला शिव्याशाप दिले. दोन्ही गोष्टी त्यानेच लिहिल्या आहेत.

छावणीत त्याने व्हेस्पासियनाला एकांतात भाकीत सांगितले होते की तू कैसर होशील. जीव वाचविण्याची युक्ती समजून सेनापतीने त्याला बेड्यांतच ठेवले. पण ६८ मध्ये नीरोने आत्महत्या केली, एकामागून एक सम्राट झाले व पडले, आणि ६९ च्या जुलैत पूर्वेकडील पलटणींनी व्हेस्पासियनाचाच जयघोष केला. तेव्हा योसेफसाची साखळी नुसती सोडली नाही, कुऱ्हाडीने तोडली. जणू ती कधी घातलीच नव्हती असा त्याचा अर्थ. येथे एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. यहूदी परंपरेत योहानान बेन जक्कई या थोर गुरूविषयीही अगदी अशीच कथा आहे: वेढलेल्या यरुशलेमातून शिष्यांनी त्यांना प्रेत म्हणून बाहेर काढले, त्यांनी रोमी सेनापतीला तो सम्राट होईल असे सांगितले आणि मोबदल्यात यवने नगर व तेथील विद्वान मागून घेतले. त्या विद्यापीठातून पुढचा यहूदी धर्म वाचला. एकाला परंपरेने पूज्य मानले, दुसऱ्याचे नावही घेतले नाही. दोघांनीही नगर सोडले होते. फरक कदाचित एवढाच पाहिला गेला की एकाने शिष्यांसाठी जागा मागितली आणि दुसऱ्याला घर मिळाले.

इ. स. ७० मध्ये वल्हांडण सणाच्या सुमारास टायटसने यरुशलेमला वेढा दिला. नगर यात्रेकरूंनी भरलेले होते. आत तीन पक्ष एकमेकांशी लढत होते: मंदिराच्या आवारात एलाजार, त्याच्याशी व नगराशी भांडणारा तोच गिस्कालाचा योहान, आणि शिमोन बार गियोरा. अनेक वर्षे पुरले असते असे धान्य त्यांनी आपसातील लढाईत जाळून टाकले. अन्नासाठी रात्री बाहेर पडणाऱ्यांना रोमी शिपाई पकडून तटासमोर वधस्तंभावर खिळीत. दिवसाला ५०० आणि त्याहूनही अधिक. शेवटी वधस्तंभांना जागा पुरेना आणि देहांना वधस्तंभ पुरेनात. प्रभूने ज्या नगराकडे पाहून अश्रू गाळले, त्याच्याभोवती शत्रूंनी तीन दिवसांत सलग भिंत उभारली.

या सर्व काळात योसेफस कोठे होता? तो टायटसच्या बरोबर तटाबाहेर होता. आतल्या लोकांना त्यांच्या मातृभाषेत हाका मारून, शरण या, मंदिर वाचवा, असे विनवीत तो भिंतीभोवती फिरे. आतून शिव्या येत. एकदा दगड आला, डोक्याला लागला व तो बेशुद्ध पडला. त्याचे आईबाप तेव्हा आतच बंदिवासात होते. मुलगा मेला असे आईने ऐकले, तेव्हा तिने पहारेकऱ्यांना तोंडावर सांगितले की योतापाता पडले तेव्हाच हे मला कळले होते. आणि मग दासींपाशी एकांतात ती रडली. ही बातमी त्याला नंतर कोणीतरी सांगितली असणार. ती त्याने ग्रंथात का घातली असावी? मला वाटते, तिच्या पहिल्या उद्गाराचा घाव त्याला आयुष्यभर जाणवत राहिला.

मंदिर जळाले, नगर पडले. लूट चालू असताना टायटसने त्याला म्हटले की हवे ते घे. त्याने माणसे मागितली, आणि पवित्र शास्त्राच्या गुंडाळ्या मागितल्या. त्याने आपला भाऊ व ५० मित्र सोडविले. मंदिरात कोंडलेल्यांपैकी ओळखीची सुमारे १९० स्त्रिया-मुले सोडविली. पुढे तकोवाहून छावणीकडे परतत असता रस्त्याच्या कडेला वधस्तंभांवर खिळलेल्या कैद्यांत त्याला तीन ओळखीचे चेहरे दिसले. तो रडत टायटसकडे गेला. तिघांनाही तात्काळ खाली उतरवून त्यांची काळजीपूर्वक शुश्रूषा करण्याचा हुकूम सुटला. दोघे वैद्यांच्या हाताखालीच मरण पावले, एक जगला. वधस्तंभावरून जिवंत उतरविलेल्या मनुष्याचा प्राचीन वाङ्मयातील हा अत्यंत दुर्मीळ उल्लेख आहे. उत्तम शुश्रूषा असूनही तिघांतले दोघे वाचले नाहीत, ही गोष्ट प्रभूच्या मरणाविषयी शंका काढणाऱ्यांनी अवश्य लक्षात घ्यावी.

यानंतर तो रोमला गेला तो कायमचाच. व्हेस्पासियन सम्राट होण्यापूर्वी ज्या घरात राहत असे तेच घर त्याला राहावयास मिळाले. नागरिकत्व, निवृत्तिवेतन, यहूदीयात जमीन आणि सम्राटाच्या घराण्याचे फ्लेवियस हे नाव, असे सर्व काही मिळाले. ७१ मधील विजयमिरवणुकीत मंदिरातला सोन्याचा दीपवृक्ष व समर्पित भाकरीचे मेज रोमच्या रस्त्यांतून नेले, त्याचे वर्णन तो करतो; रोममध्ये टायटसच्या कमानीवर ते दृश्य आजही कोरलेले दिसते. आपल्या बापजाद्यांनी ज्या पवित्रस्थानात सेवा केली त्यातील पात्रे खांद्यावर मिरविली जाताना या याजकाला काय वाटले, हे मात्र त्याने लिहिले नाही.

त्या घरात बसून त्याने यहूदी युद्धाचा इतिहास लिहिला. प्रथम आपल्या मातृभाषेत, पूर्वेकडील यहूद्यांसाठी. ती आवृत्ती नष्ट झाली. मग ग्रीक भाषा नीट साधावी म्हणून मदतनीस घेऊन सात भागांत ग्रीकमध्ये. टायटसने त्यावर आपल्या हाताने मान्यतेची सही केली, आणि अग्रिप्पा राजाने या लेखनाची ग्वाही देणारी ६२ पत्रे पाठविली. योसेफस हे अभिमानाने सांगतो. आजच्या वाचकाला नेमका येथेच संशय येतो.

तो संशय निराधार नाही. मंदिर वाचवावे अशी टायटसची इच्छा होती, एका शिपायाने आज्ञेविरुद्ध पेटता पलिता आत टाकला, असे योसेफस सांगतो. पण सल्पिशियस सेव्हेरस या नंतरच्या ख्रिस्ती इतिहासकाराने नेमके उलट लिहिले आहे: मंदिर पाडलेच पाहिजे असे मत टायटसनेच दिले. मेलेल्यांची संख्या योसेफस ११ लाख सांगतो, तर रोमी इतिहासकार टॅसिटस वेढ्यात सापडलेल्यांचीच संख्या सहा लाख सांगतो. दोन्ही आकडे फुगविलेले असावेत. युद्धाचा सारा दोष तो मूठभर अतिरेक्यांवर आणि वाईट सुभेदारांवर टाकतो, म्हणजे रोमही वाचतो आणि उरलेली यहूदी प्रजाही. या शेवटच्या गोष्टीकडे त्याच्या निंदकांचे लक्ष जात नाही. युद्धानंतर साम्राज्यभर यहूदी लोकांवर अपमानकारक कर बसला होता, त्यांच्याकडे बंडखोर जात म्हणून पाहिले जात होते. अशा वेळी विजेत्याच्या कानाला गोड लागेल अशा ग्रंथातून आपल्या लोकांचा बचाव करणे, हेही त्याने साधले. आणि मधूनमधून त्याची लेखणी हातातून सुटते, तेव्हा जळत्या नगराविषयी तो असा शोक करतो की विलापगीते लिहिणाऱ्या यिर्मयाची आठवण व्हावी. इतिहासकाराने शोक करू नये हे मला ठाऊक आहे, मला क्षमा करा, अशा अर्थाचे त्याने आरंभीच सांगून ठेवले आहे.

त्याच्याविरुद्ध दुसरी बाजू लिहिणारा एक जण होता. तिबिर्याचा युस्त याने त्याच युद्धाचा इतिहास लिहून योसेफसाला खोटे ठरविले. ते पुस्तक आज उपलब्ध नाही. योसेफसाचे उत्तर, म्हणजे त्याचे आत्मचरित्र, मात्र उपलब्ध आहे. आपण त्या भांडणाची एकच बाजू ऐकत आहोत, हे विसरू नये.

त्याचा सर्वांत मोठा ग्रंथ, यहूद्यांचा प्राचीन इतिहास, २० भागांचा. तो डोमिशियन कैसराच्या तेराव्या वर्षी, म्हणजे ९३-९४ मध्ये पुरा झाला. उत्पत्तीपासून युद्धाच्या आरंभापर्यंतची सर्व हकिकत त्यात आहे. बाप्तिस्मा करणारा योहान माखैरस किल्ल्यात मारला गेला हे आपल्याला यावरून कळते. हेरोदियेच्या मुलीचे नाव सलोमे होते, हेही येथूनच. शुभवर्तमानात ते नाही. प्रभूचा बंधू याकोब याला इ. स. ६२ मध्ये हन्ना नावाच्या प्रमुख याजकाने, सुभेदार वाटेवर असताना, धोंडमार करविली व त्या अन्यायाबद्दल त्या याजकाला तीन महिन्यांतच पदच्युत व्हावे लागले, हेही त्यात आहे. हा भाग बहुतेक सर्व विद्वान अस्सल मानतात.

आणि प्रभू येशूविषयीचा तो प्रसिद्ध परिच्छेद? अठराव्या भागात येशूला ख्रिस्त म्हटले आहे, तो तिसऱ्या दिवशी पुन्हा जिवंत दिसला असे म्हटले आहे. तो परिच्छेद दाखवून शत्रूचीही साक्ष म्हणून आपण आनंदाने बोलतो. पण प्रामाणिकपणे सांगावयाचे तर त्यातील काही वाक्ये योसेफसाची असू शकत नाहीत. तिसऱ्या शतकातील मंडळीचा थोर विद्वान ओरिगेन स्पष्ट लिहितो की योसेफस येशूला ख्रिस्त मानीत नव्हता; आणि चौथ्या शतकात युसेबियस हाच परिच्छेद आजच्या रूपात उद्धृत करतो. मध्ये कोणा भाविक नकलकाराने भर घातली असावी, मूळचा साधा उल्लेख मात्र योसेफसाचाच असावा, असे आज पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे. आपल्या विश्वासाला या भरीची गरज नव्हती.

आपल्या पूर्वजांनी याहून वाईटही केले. युसेबियसापासून पुढे शतकानुशतके उपदेशकांनी योसेफसाच्या दुष्काळाच्या व कत्तलीच्या वर्णनांतून एवढेच काढले की ख्रिस्ताला मारल्याची ही शिक्षा, आणि मग युरोपातील यहूदी शेजाऱ्यांना त्या शिक्षेचे वारस ठरविले. योसेफसाने आपल्या लोकांच्या पापांविषयी पुष्कळ लिहिले, पण असे कोठेही लिहिले नाही. आईने आपले मूल खाल्ल्याची ती भयंकर हकिकत त्याने रडत लिहिली होती. आपण ती बोट दाखविण्यासाठी वाचली.

असे होणार याची त्याला जणू चाहूल होती. त्याचा शेवटचा ग्रंथ, आपियनाविरुद्ध, हा निखळ बचावाचा आहे. यहूदी लोक मंदिरात गाढवाच्या मस्तकाची पूजा करतात, दरवर्षी एक ग्रीक मनुष्य लठ्ठ करून मारतात, असल्या अफवा अलेक्झांड्रियाच्या आपियनाने पसरविल्या होत्या. योसेफसाने त्या एकेक करून खोडून काढल्या. आमच्याजवळ परस्परविरोधी असंख्य पुस्तके नाहीत, २२ आहेत, आणि त्यांच्यासाठी यहूदी मनुष्य आनंदाने प्राण देतो, असे तो सांगतो. जुन्या कराराच्या पुस्तकांची गणना त्या काळी कशी होई याचा हा मोलाचा पुरावा आहे. स्वतः प्राण न दिलेल्या मनुष्याने हे लिहिले म्हणून ते खोटे ठरत नाही. साऱ्या सुखात राहूनही तो दुसऱ्या कोणत्या देवाकडे वळला नाही. देवाविषयी व नियमशास्त्राविषयी आणखी चार भाग लिहिण्याचा त्याचा मानस होता. ते आपल्यापर्यंत आलेले नाहीत. इ. स. १०० च्या सुमारास तो मरण पावला असावा.

यहूदी समाजाने त्याला टाकले, तरी आधुनिक इस्राएल राष्ट्राला त्याच्याचकडे यावे लागले. मसादा किल्ल्यावरील ९६० जणांनी शरण न जाता प्राण दिले, ही कथा सांगणारा प्राचीन लेखक जगात योसेफस एकटाच. १९६३ ते १९६५ मध्ये यिगाएल यादीन या माजी सरसेनापतीने तेथे उत्खनन केले, १९६६ मध्ये त्यावर गाजलेले पुस्तक लिहिले. रणगाडा दलाचे जवान एकेकाळी त्या डोंगरावर शपथ घेत. पुढे १९९५ मध्ये नखमान बेन-येहूदा या इस्राएली समाजशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथात दाखवून दिले की ही वीरकथा सांगताना योसेफसाचा अर्धा मजकूर गाळला जात होता. मसादाच्या त्याच मारेकऱ्यांनी जवळच्या एन-गेदी गावावर सणाच्या रात्री धाड घालून ७०० हून अधिक स्त्रिया-मुले मारली, हेही योसेफसानेच लिहिले आहे. फितुराच्या ग्रंथातून वीर घ्यावेत आणि त्यांनी केलेल्या हत्या सोडाव्यात, असा हा व्यवहार. एखाद्या देशाने आपला इतिहास असा निवडून घेणे ही काही इस्राएलाचीच खोड नव्हे.

जमिनीने पुष्कळ ठिकाणी योसेफसाची बाजू घेतली आहे. परजातीयांना मंदिराच्या आतल्या अंगणात येण्यास मरणाच्या शिक्षेची ताकीद देणारे शिलालेख तेथे होते असे तो सांगतो. पौलावर ज्यावरून दंगल झाली तीच ही मर्यादा. १८७१ मध्ये क्लेर्मों-गानो या फ्रेंच संशोधकाला तसा दगड सापडला. योतापाताची टेकडी १९९२ ते २००० या काळात खणली गेली. वेढ्यासाठी रोमनांनी रचलेला मातीचा चढ, दगडफेकी यंत्रांचे गोळे, बाणांची टोके, आणि हौदांत गोळा करून ठेवलेली स्त्रीपुरुषांची व मुलांची हाडे तेथे सापडली. वेढ्याची कथा अशी पुष्कळशी खरी ठरली. गुहेतल्या चिठ्ठ्यांविषयी मात्र माती काही सांगू शकत नाही. तेथे काय घडले हे बाहेर येणाऱ्या दोघांनाच ठाऊक होते, आणि त्या दुसऱ्या मनुष्याचे नाव योसेफसाने कोठेही लिहून ठेवलेले नाही.